पूर्वेकडं तोंड केलेलं मशीन

लातूरला परत आल्यावर शेजारणीनं विचारलं, "काय काय पाहिलं हो पिंपरी-चिंचवडला?" मी म्हणाले, "एक बंद मशीन." तिला वाटलं मी चेष्टा करतेय. चेष्टा कसली करते, जीव नुसता विटून गेला होता. तरी लिहून ठेवते. आपल्याकडची निम्मी पोरं तिकडं जातात आणि मागं राहिलेल्यांना ती तिथं नेमकं काय करतात याचा पत्ता नसतो. सणाला घरी आली की बूट आणि मोबाईल तेवढे नवे दिसतात.

मी गेले ती माझ्या धाकट्या भावासाठी, दत्तासाठी. आयटीआय करून तो तिकडं गेला तो गेलाच. बरीच वर्षं दुसऱ्याच्या कंपनीत मशीनवर उभा राहिला आणि मग इक्बाल शेख नावाच्या मित्राला भागीदार घेऊन तळवड्यात स्वतःचं वर्कशॉप टाकलं. एरवी हा माणूस फोनवर माझं डोकं खातो. दसऱ्याला मात्र म्हणाला, "सण झाला, आक्का. सोनं वाटलं. ठेवतो." मी लगेच संगीताला, म्हणजे भावजयीला, फोन लावला. ती म्हणाली, "या तुम्ही. नीट जेवतसुद्धा नाहीत." मी ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई, मला कुणाची रजा मागायची नव्हती. शेंगदाण्याचे लाडू बांधले आणि निघाले.

पुनावळे

दत्ताचं घर पुनावळ्यात, एका उंच इमारतीत. हे आधी गाव होतं म्हणतात. त्या गावातलं एक मारुतीचं देऊळ, थोडी बैठी घरं आणि बाजरीचं एक रान अजून शिल्लक आहे, तेही इमारतींच्या पायाशी अंग चोरून. गॅलरीतून हायवे दिसतो आणि त्याचा आवाज कधीच थांबत नाही. लातूरचं नाव काढलं की लोक आम्हाला पाण्यावरून टोमणे मारतात. इथं इतक्या वर राहणारी माणसं सकाळी वाकून बघतात, खाली टँकर आला का. मला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

संगीतानं माझ्यासाठी मासवडी केली होती, तळेगाव दाभाड्याच्या मैत्रिणीकडून शिकलेली. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसूण असं भरून गुंडाळी करायची, वड्या कापायच्या आणि झणझणीत रश्श्याबरोबर खायच्या. आमच्याकडं हा प्रकार कुणी करत नाही. मी चवीनं खात होते आणि दत्ता एक वडी चमच्यानं ताटभर फिरवत होता.

"काय झालंय ते सांग," मी म्हणाले. "मी लाडू द्यायला नाही आले इतक्या लांब."

"मशीन लॉक झालंय, आक्का."

"मग कुलूप काढ."

तो हसला नाही. मग हळूहळू सांगितलं. वर्कशॉपमधलं मोठं मशीन जर्मनीतून सेकंडहँड आणलेलं. लोखंडाचा भाग असा कापतं की बोट फिरवलं तर कुठं काही लागत नाही. चाकणच्या एका कंपनीनं त्यांना परदेशात जाणाऱ्या एका भागाचा नमुना करायला दिला होता. नमुना शनिवारी द्यायचा. तो पास झाला की वर्षानुवर्षं पुरेल असं काम. नाही झाला, तर मशीन पोसण्याइतकं काम हातात नाही. म्हणजे मशीन विकायचं, शेड सोडायची आणि या वयात परत दुसऱ्याच्या गेटवर कार्ड पंच करायचं.

"स्वतःचं आहे म्हणून झोप लागत होती," दत्ता म्हणाला. "आता तीबी नाही."

तळवडे

दुसऱ्या दिवशी मला शेड बघायची होती. दत्ता पहाटेच गेला होता, म्हणून मी एकटीच शेअर रिक्षा धरली. रिक्षावाल्यानं "तळवडे?" म्हटलं, मी "हो" म्हटलं, आणि त्यानं मला आयटी पार्कच्या फाटकावर सोडलं. काचेच्या इमारती, गळ्यात पट्टे घातलेली पोरं-पोरी. रखवालदारानं कार्ड मागितलं. मी म्हणाले, "बाबा, मला पत्र्याच्या शेडला जायचंय." त्यानं रस्त्यापलीकडं हात केला. एका बाजूला ही पोरं बसल्या जागेवरून अमेरिकेची कामं करतात, आणि समोर पत्र्याखाली माणसं तेलात हात घालून उभी असतात. मध्ये एक खड्ड्यांचा रस्ता, बाकी काही नाही.

इक्बाल मला घ्यायला चालत आला. चिंचवडचा जुना माणूस, घरात वडिलांपासून गाड्या दुरुस्तीचं काम. "सलाम आक्का," म्हणाला आणि माझी पिशवी घेतली. शेडमध्ये मशीन उभं होतं, आमच्या स्वयंपाकघराएवढं. त्याच्या कपाळावर, म्हणजे पडद्याच्या वर, हळदकुंकू आणि सुकलेला झेंडूचा हार. पडद्यावर लाल अक्षरात एक ओळ. मी चष्मा लावून वाचली. मशीन जागेवरून हलवल्याचं आढळलं आहे, कंपनीशी संपर्क साधा.

"कुणी हलवलं?"

"हलवलं नाही," दत्ता म्हणाला. "फिरवलं."

"म्हणजे?"

दत्तानं इक्बालला पुढं केलं. इक्बाल बोलला. "खंडेनवमीची पूजा होती ना. शेडचे मालक आबा आले, बघितलं, बोलले, याचं तोंड मावळतीला, असं चालत नाही, उगवतीला करा. हायड्रावाल्याला मीच बोलावलं, आक्का. नमाजाला आमचंसुद्धा दिशेवाचून चालत नाही. मला वाटलं, बराबर बोलतायत."

हायड्रा म्हणजे छोटी क्रेन. तिनं मशीन उचललं, तोंड पूर्वेला केलं, खाली ठेवलं. नारळ फुटला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर ही लाल ओळ.

आता हे असं का, तेही इक्बालनं समजावलं. इतकं बारीक कापणारं मशीन शस्त्रं करायलाही चालतं. म्हणून बनवणाऱ्या कंपनीनं त्याच्या पोटात एक यंत्र बसवलेलं असतं. मशीन जागचं उचललं की ते ओळखतं आणि सगळं बंद करतं. कुठं नेलं, कुणी नेलं, कशाला नेलं, हे कंपनीला पटलं की त्यांचा माणूस येऊन ते उघडतो. दोघांनाही हे ऐकून माहीत होतं. पण त्यांच्या डोक्यात हलवणं म्हणजे ट्रकवर घालून दुसऱ्या गावी नेणं. आपल्याच शेडमध्ये आपल्याच मशीनचं तोंड देवाकडं केलं, त्याला कोण हलवणं म्हणेल? मी तरी म्हटलं नसतं.

आमच्या लातुरातसुद्धा खंडेनवमीला शिलाई मशीन, पिठाची गिरणी, रिक्षा, सगळ्याची पूजा होते. पण आमच्या गिरणीला तोंड कुठंही केलं तरी ती दळते.

तेवढ्यात आबा आले. तळवड्यातलं जुनं घराणं, पांढरं धोतर, डोक्याला टोपी. माझ्यासमोर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्याच सांगितलं, ताई," ते म्हणाले. "मला काय ठावं, यंत्राला बी दिशा समजती."

कुणी हसलं नाही. मला मात्र हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली, कारण म्हातारा रडायच्या बेतात होता.

मी विचारलं, कंपनीला कळवलं का? कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं होतं, अगदी सभ्य भाषेत. मशीन तुम्ही तिसऱ्याकडून घेतलंय, इथं आणल्यावर आमच्या माणसानं ते त्याच्याच नावावर उघडून दिलं होतं, तुमची नोंद आमच्याकडं नाही, आधी नोंद होईल, मग आमच्या देशाच्या सरकारची परवानगी, मग माणूस पाठवायचा तर त्याचा व्हिसा. इंटरनेटवरून इथल्या इथं उघडता येतं, पण ती सेवा तुमच्यासारख्या ग्राहकांना तुमच्या देशात अजून देत नाही.

"उघडायला किती वेळ लागतो?" मी विचारलं.

"चहा पिऊन होईस्तोवर," इक्बाल म्हणाला.

मला रागच आला. सगळं आयुष्य मी वर्गात सेवांच्या व्यापाराचा धडा शिकवला. गहू, लोखंड, मशीन ही वस्तू. डॉक्टरचं तपासणं, इंजिनिअरचं दुरुस्त करणं, ही सेवा. वस्तू जशी सीमेपलीकडं जाते तशी सेवाही जाऊ द्यावी, म्हणजे दोन्हीकडच्यांचं भलं होतं. काम स्वस्त होतं, लवकर होतं, कसब पसरतं. पोरं ते पाठ करायची आणि परीक्षेत ओकायची. मलाही तो धडा जरा कोरडाच वाटायचा. आता समोर बघितलं तर लोखंडाचं धूड समुद्र ओलांडून आरामात आलं होतं, त्याला कुणी अडवलं नाही. चहाच्या कपाएवढं काम तेवढं सीमेवर अडकून पडलं होतं.

हे सगळं मी मोठ्यानं बोलले असणार, कारण आबा म्हणाले, "पर ताई, भायेरच्यांना असं मोकळं सोडलं तर आमच्या पोरांनी काय करायचं? तीबी काम शोधत्यात."

"आबा, इथं कुणाच्या पोराचं काम कोण घेतंय? उघडायची अक्कल इथं कुणाला दिलेलीच नाही. तो माणूस आला असता तर तुमच्या शेडमधली पोरं आज कामावर असती."

"व्हय, तेबी हाय," आबा म्हणाले, आणि उठून गेले. त्यांचं चुकलं असं मला पूर्ण वाटत नाही. दार उघडं टाकलं की कोण कोण आत येतं याची भीती त्यांनी स्वतःच्या गावात भोगलेली आहे. त्यांच्या शेतावर हे सगळं उभं राहिलं.

चाकण

इकडं रविवार गुरुवारी असतो. कारखान्यांना त्या दिवशी सुट्टी, बाजारात गर्दी, सलूनला रांग. त्या गुरुवारी आम्ही चाकणला निघालो, कारण इक्बालला बातमी लागली होती. त्याच जर्मन कंपनीचा एक माणूस चाकणच्या मोठ्या कारखान्यात नवी मशीन बसवायला आला होता आणि तिथल्याच एका गेस्ट हाऊसवर उतरला होता. म्हणजे चावी हाताच्या अंतरावर होती. मला बरोबर घेतलं ते इंग्रजी बोलायला. दत्ता म्हणाला, "आमचं इंग्रजी मशीनपुरतं आहे. विनवणीचं येत नाही."

चाकणच्या रस्त्याबद्दल काय सांगू. नव्या कोऱ्या गाड्या पाठीवर घेतलेले लांबलचक ट्रेलर, कांद्याचे टेम्पो, मध्येच एखादी म्हैस, आणि सगळं जागच्या जागी थांबलेलं. धुळीनं झाडांचा रंग कळत नाही. एका हॉटेलात मिसळ खाल्ली, तर्री इतकी जहाल की डोळ्यांतून पाणी आलं. पोऱ्यानं न सांगता ताक आणून ठेवलं. दत्तानं नुसता पाव खाल्ला.

गेस्ट हाऊसच्या अंगणात तो बसला होता. टोमास नाव. साठीकडं झुकलेला, उन्हानं लाल झालेला, पायात स्लीपर. दहीभात खात होता, पोट बिघडलं होतं म्हणे. आम्ही कोण, कशाला आलो ते मी सांगितलं. पूर्वेकडं तोंड करण्याची गोष्टही सांगितली. मला वाटलं हसेल. त्यानं चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "उचललं ते नीट उचललं का? पाया सपाट आहे का?" दत्ताचा चेहरा एकदम उजळला. ते दोघं माझ्याशिवायच बोलायला लागले, बोटांनी, आकड्यांनी, टेबलावर रेघा ओढून. इक्बालनं मोबाईलवर पडद्याचा फोटो दाखवला. टोमासनं मान डोलावली. हे त्याच्या रोजच्या कामातलं होतं.

मग दत्तानं मला म्हटलं, "आता विचार."

मी विचारलं. टोमासनं मोबाईल इक्बालकडं सरकवला. मग म्हणाला, त्याचा व्हिसा या एका कारखान्याच्या पत्रावर मिळालाय. त्यानं दुसऱ्या कुणाच्या मशीनला हात लावला तर तो इथं बेकायदा काम करणारा ठरतो. शिवाय उघडायचा आकडा त्याच्या डोक्यात नसतो. तो तिकडून येतो, आणि परवानगी झाल्याशिवाय तिकडचे देत नाहीत.

"नुसतं बघायला चला," दत्ता म्हणाला. "चहा घ्यायला चला. काही करू नका."

मी ते इंग्रजीत सांगितलं. टोमास म्हणाला, "मला यायला आवडलं असतं. पण तुमच्या वर्कशॉपमध्ये मी उभा असल्याचा कुणी फोटो काढला तर मी काय सांगू? मला चहालासुद्धा येता येणार नाही."

हे मराठीत कसं सांगावं मला कळेना. आपल्याकडं वैऱ्यालाही चहाला नाही म्हणत नाहीत. पण सांगायची वेळ आली नाही, दत्ताला कळलं होतं. तो म्हणाला, "राहू दे." आणि लाडवांचा डबा पुढं केला. टोमासनं एक लाडू खाल्ला, मग दुसरा, पोट बिघडलेलं असताना. त्याच्या परीनं तो आमच्याकडं चहाला आला असं मी धरलं.

जाताना त्यानं माझा नंबर घेतला, स्वतःचा दिला, आणि आमच्यासमोरच तिकडच्या ऑफिसला मेल टाकला, या लोकांचं लवकर करा म्हणून. मग सहज बोलल्यासारखा बोलला. त्याच्या गावात तीन पिढ्यांची वर्कशॉप आहेत. मशीन आहेत, ऑर्डरी आहेत, चालवायला माणसं नाहीत. तरुण पोरं या कामाला येत नाहीत. कितीतरी मशीनवर कापड टाकून ठेवलंय. इक्बाल हसून म्हणाला, "मग आम्हाला घेऊन जा साहेब." टोमासही हसला. म्हणाला, त्यालाही कागद लागतात. तुमच्या देशाचं प्रमाणपत्र आमच्याकडं चालत नाही, भाषेची परीक्षा, वयाची अट, बरंच काही.

येताना गाडीत माझ्या डोक्यात एकच फिरत होतं. तिथं मशीन उभी आहेत कारण माणसं जाऊ शकत नाहीत, आणि इथं माणसं उभी आहेत कारण मशीन उघडणारा येऊ शकत नाही. मी याला काय म्हणू? माझ्या धड्यात याला अडथळे म्हणतात. फार गुळगुळीत शब्द आहे तो.

पुन्हा तळवडे

शनिवार आला आणि गेला. दत्तानं चाकणच्या कंपनीतल्या साहेबांना फोन करून मुदत मागितली. साहेब भले होते, आवाज चढवला नाही. म्हणाले, "पाटील, तुमचं काम चांगलं आहे हो, पण गिऱ्हाईक परदेशातलं आहे, ते थांबत नाही." नमुना दुसऱ्या एका देशातल्या वर्कशॉपकडं गेला. तिथं अशा मशीनचा माणूस फोन केला की त्याच दिवशी येतो, त्याला कुणी काही विचारत नाही, असं साहेब म्हणाले. दत्तानं "ठीक आहे सर, काही हरकत नाही सर," असं म्हणत फोन ठेवला. हरकत नाही म्हणे. मला तिथंच त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि मग जवळ घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. त्याच्यासाठी चहा टाकला.

मी मुक्काम वाढवला. मग एका दुपारी तिकडून निरोप आला. टोमासच्या मेलमुळं असेल, खास बाब म्हणून परवानगी झाली होती, आणि माणूस न पाठवता फोनवरच उघडून देणार होते. इक्बालनं मोबाईल मशीनसमोर धरला. पलीकडं एक तरुण बाई होती. तिनं काही आकडे सांगितले, दत्तानं दाबले, तिनं अजून सांगितले. लाल ओळ गेली. ती बाई "शुभेच्छा" असं काहीसं म्हणाली आणि दिसेनाशी झाली. आबांनी आणलेला चहा खरंच तेवढ्यात निवला नव्हता.

दत्तानं लोखंडाचा तुकडा लावला आणि तोच भाग कापला, नमुन्याचा. कुणी मागितला नव्हता. मोजला, पुन्हा मोजला. इक्बालनंही मोजला आणि म्हणाला, "एकदम बराबर." दत्तानं मशीन बंद केलं, फडक्यानं पुसलं आणि वर प्लास्टिक अंथरलं. विकायची जाहिरात इक्बालनं दुसऱ्या दिवशी टाकली.

मला गाडीत बसवायला दत्ता आला होता. खिडकीपाशी उभा राहून इकडचं तिकडचं बोलला, पाण्याची बाटली घेतलीस का, असलं सगळं. गाडी सुटायच्या बेताला म्हणाला, "आक्का, तो गोरा म्हणत होता ना, त्यांच्या गावात मशीनवर माणसं नाहीत म्हणून."

"हो."

"मग मला घेतील का गं?"

पन्नाशीला टेकलेला माझा भाऊ, आणि तोंड असं की शाळेत नाव घालायला आणलेलं पोर. टोमास अंगणात जे सांगत होता ते त्यानं माझ्याच तोंडून मराठीत ऐकलं होतं. तरी विचारत होता. मी म्हणाले, "विचारून बघू."

"तूच विचार," तो म्हणाला. "इंग्रजीत नीट विचार. म्हणावं, काम शिकायची तयारी आहे, खालचं कामबी चालेल."

टोमासचा नंबर माझ्याकडं आहे. मी अजून विचारलेलं नाही, कारण तो खरं बोलणारा माणूस आहे.